फोनमधला पसारा कुणी केला?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद करायचा, मोबाईल बाजूला ठेवायचा. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं, एकमेकांशी बोलायचं. आमच्या लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही असाच प्रयोग केला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी केली. वर्तमानपत्रांनी या बातम्या कौतुकाने छापल्या, लोकांनी त्या एकमेकांना पाठवल्या आणि विषय तिथेच संपला.

तो तिथे संपायला नको होता. बान्सीचा मार्ग मला फारसा पटत नाही. बंदी लेकरांवर घालायची आणि आपण मात्र रात्री अकरापर्यंत अंगठ्याने पडदा वर सरकवत बसायचं, हे लेकरांना कळत नाही असं समजण्याचं कारण नाही. वडगावचा नियम सरपंचाला आणि पाचवीतल्या पोराला सारखाच लागू होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या दीड तासात गावातलं कुणीच काही पाठवत नव्हतं, त्यामुळे काही बघायचं राहून गेलं ही रुखरुखही कुणाला नव्हती. एकट्याने फोन बंद केला की माणूस अस्वस्थ होतो. सगळ्यांनी मिळून केला की निवांत होतो. फोन कमी वापरायला सांगणाऱ्या आपल्या सल्लागारांच्या ध्यानात ही गोष्ट अजून आलेली नाही.

‘डिजिटल पसारा आवरा’ असं सांगणारे लेख आणि व्हिडिओ मराठीतही आता पुष्कळ आहेत. जुने फोटो पुसा, नको ती अ‍ॅप काढा, नोटिफिकेशन बंद करा, झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. यातलं काहीही चुकीचं नाही. पण या सगळ्या सल्ल्यामागे एक गृहीत धरलेलं असतं: पसारा तुम्ही केलात, तेव्हा आवरायचाही तुम्हीच. मला हे गृहीतच मान्य नाही. लातूरसारख्या शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या फोनमध्ये जे साठलेलं असतं, त्यातलं बहुतेक त्या फोनच्या मालकाने मागवलेलं नसतं. ते त्याच्याकडे पाठवलेलं असतं. पाठवणारा बहुधा त्याच्याहून वरचा असतो, ‘नको’ म्हणता येणार नाही असा असतो. अशा पसाऱ्यावर इच्छाशक्तीचा उपाय सांगणं म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

जिल्हा परिषदेच्या एखाद्या शिक्षकाचा फोन जवळून पाहा. केंद्राचा ग्रुप, बीटचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, जिल्ह्याचा ग्रुप, शिवाय शाळेचा, पालकांचा, पोषण आहाराचा, निवडणुकीच्या कामाचा, संघटनेचा. जिल्ह्याहून एक पत्र निघतं. तेच पत्र तालुक्याच्या ग्रुपवर येतं, मग बीटच्या, मग केंद्राच्या. एकाच पीडीएफच्या चार प्रती फोनमध्ये उतरतात. वर ‘अति तातडीचे’, ‘आजच माहिती सादर करावी’, ‘लिंक भरून स्क्रीनशॉट टाकावा’. मग दोनशे जण स्क्रीनशॉट टाकतात आणि दोनशे जणांच्या फोनमध्ये ते दोनशे स्क्रीनशॉट साठतात. झाड लावलं, फोटो. योग दिन झाला, फोटो. शपथ घेतली, फोटो, तोही ठिकाण आणि वेळ दिसेल असा. या फोटोंची नावं पाहिली तरी त्यांची योग्यता कळते: आयएमजी, पुढे तारीख, पुढे डब्ल्यूए आणि एक क्रमांक. कुणी काढला, कशाचा आहे, कशासाठी ठेवायचा, याचा पत्ता नाही. पण पुसावा तर उद्या कुणी पुरावा मागेल ही भीती. या माणसाला ‘तुमच्या आयुष्यात काय महत्त्वाचं ते ठरवा’ असं सांगून काय उपयोग? त्याचं महत्त्वाचं काय ते दुसऱ्यांनीच ठरवून ठेवलेलं आहे.

आणि अशा सक्तीत अडकलेले लोक गप्प बसलेत असंही नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन कमी क्षमतेचे, त्यावर पोषण ट्रॅकरसारखं जड अ‍ॅप, फोन सतत अडकायचा, दुरुस्तीचा खर्च पदरचा आणि माहिती वेळेत भरली नाही म्हणून बोलणी मात्र सेविकेला. त्या आंदोलनाला मोबाईल वापसी असं नाव मिळालं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये संचमान्यतेच्या आणि कंत्राटी शिक्षकांच्या निर्णयाविरोधात उतरलेल्या प्राथमिक शिक्षकांनी काळ्या फिती लावल्या आणि प्रशासनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडले. मागणी वेगळी होती, पण निषेधासाठी ग्रुप सोडणं हेच हत्यार निवडलं, यातच त्या ग्रुपचं ओझं किती होतं ते आलं. पूर्वी लेखणी खाली ठेवून संप व्हायचे.

कामाची वेळ संपल्यावर फोन आणि मेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडलं आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे. आपल्याकडे खासगी विधेयकाचा कायदा होणं दुर्मीळ, त्यामुळे त्यावर आशा लावून बसण्यात अर्थ नाही. पण विधेयकामागचा विचार मोलाचा आहे. फोनपासून सुटका हा शिस्तीचा नव्हे तर हक्काचा प्रश्न आहे, हे त्यात स्पष्टपणे मांडलं गेलं. शहरातल्या आयटी कंपन्यांपुरता त्याचा अर्थ घेतला जातो ही आपली संकुचित दृष्टी. लातूरच्या अंगणवाडी सेविकेला त्याची गरज पुण्याच्या अभियंत्याहून तसूभरही कमी नाही.

आता लातूरच्या अभिमानाच्या विषयाकडे येतो. परीक्षांच्या तयारीचा लातूर पॅटर्न उभा राहिला तो फळा, खडू, छापील नोट्स आणि वारंवार घेतलेल्या सराव परीक्षांवर. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झालं. डॉ. जनार्दन वाघमारे, प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्यासारख्या माणसांनी मराठवाड्यातल्या मुलांना एक विश्वास दिला: एका गोष्टीवर पुरेसा वेळ मन लावलं तर मुंबई-पुण्याच्या मुलांच्या बरोबरीने उभं राहता येतं. त्या पॅटर्नवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे, घोकंपट्टीचा आरोप त्यात जुनाच. पण त्याच्या मुळाशी लक्ष टिकवण्याची कमाई होती, हे कुणी नाकारू नये.

आज उद्योग भवनाच्या परिसरात क्लास सुटण्याच्या वेळी उभं राहा. नांदेड, परभणी, बीड, हिंगोलीकडून वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या तयारीसाठी आलेली मुलं-मुली दिसतील. आई-वडिलांनी सोयाबीन विकून फी भरलेली असते आणि पुष्कळांनी निक्षून सांगितलेलं असतं, बाळा, फोन नको, साधा बटणांचा घे. अनेक वसतिगृहांचाही तसा नियम असतो. पण रोजच्या सरावाचे प्रश्न ग्रुपवर येतात, उत्तरं ग्रुपवर येतात, परीक्षेचा निकाल आणि वेळापत्रकातला बदल ग्रुपवर येतो. म्हणजे स्मार्टफोन घ्यावाच लागतो. तो आला की टेलिग्रामवरची चॅनेलं येतात. कुठल्या कुठल्या क्लासच्या नोट्स, दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, ‘नक्की येणारे’ प्रश्न. जीवशास्त्राला एनसीईआरटीची दोन पुस्तकं नीट वाचली तर पुरतात हे प्रत्येक सर सांगतात, आणि त्याच मुलाच्या फोनमध्ये जीवशास्त्राच्या शेकडो पीडीएफ असतात. न वाचलेली प्रत्येक पीडीएफ त्याला सांगत असते की तू मागे पडलास. हा पसारा जागा अडवतो त्याची मला फिकीर नाही. तो सतरा वर्षांच्या पोराच्या मनात अपुरेपणाची भावना पेरतो, हे मला सहन होत नाही.

हर्बर्ट सायमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच इशारा दिला होता की माहिती वाढेल तसं माणसाचं लक्ष दुर्मीळ होत जाईल, कारण माहिती लक्षावरच जगते. ग्लोरिया मार्क या संशोधिकेने संगणकासमोर बसलेल्या माणसांचं लक्ष मोजायला सुरुवात केली तेव्हा, २००४ च्या सुमारास, एका पडद्यावर ते सरासरी अडीच मिनिटं टिकायचं. अलीकडच्या वर्षांत तिच्या मोजणीत ते ४७ सेकंदांवर आलं. नीटला १८० प्रश्न असतात. त्यांच्यासाठी सलग तीन तास बसावं लागतं. ज्यांनी मुलांना बसायला शिकवण्याचे पैसे घेतले, तेच दर तासाला त्यांच्या खिशात घंटी वाजवत असतील तर हा व्यवहार प्रामाणिक नाही.

हा पसारा आला कुठून ते पाहायला २०१६ मध्ये जावं लागेल. ते साल लातूरकर विसरणार नाहीत. १२ एप्रिलला मिरजेहून १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. त्याआधी टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि महिनाभर पुरवून वापरायचा डेटा एकाएकी पाण्यासारखा, नव्हे, लातुरात तरी पाण्याहून स्वस्त झाला. थेंब मोजून वापरणाऱ्या या शहराला डेटा जपून वापरावा असं वाटण्याचं काही कारणच उरलं नाही. पाठवायला काही पडत नाही, म्हणून सगळे पाठवू लागले. सकाळी फुलं, सूर्योदय आणि सुविचार. भारतीयांच्या ‘शुभ सकाळ’च्या चित्रांनी फोन भरून अडकतात हे गुगलच्याही लक्षात आलं आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये आणलेल्या फाइल्स अ‍ॅपमध्ये अशी चित्रं हुडकून पुसण्याची सोय त्यांनी दिली.

शुभ सकाळ बिचारी निरुपद्रवी. मामा, आत्या, जुने वर्गमित्र त्यातून ‘मी आहे’ एवढंच सांगत असतात आणि ते ऐकायला मला आवडतं. पण ज्या सवयीने फूल पुढे जातं त्याच सवयीने अफवाही पुढे जाते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी फिरते आहे या मोबाईलवर फिरलेल्या अफवेने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षेवर जगणारी माणसं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वाचून, थांबून, पारखून पुढे पाठवायची सवय आपण लावून घेतली असती तर ती मर्यादा कंपनीला घालावी लागली नसती. पसाऱ्यात खरं आणि खोटं एकाच रांगेत, एकाच आकारात, एकाच घंटीने येतं. त्यातून निवड करण्याचं त्राण दमलेल्या मनात उरत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी मनापासून मानतो. आठवणी पुसायच्या कशा? हा प्रश्न आमच्या भागात इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जड आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून दमलेली गावं गाढ झोपेत होती. जवळजवळ दहा हजार माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. माणसांबरोबर त्यांचे फोटोही मातीखाली गेले. आईचा एकही फोटो नाही असं सांगणारी माणसं औसा-निलंग्याच्या भागात आजही भेटतात. ज्याच्याकडे एक फोटो नाही त्याला ‘दहा हजार फोटो कशाला हवेत’ असं विचारण्याचा मला अधिकार नाही.

पण माझं म्हणणं त्यांच्याच बाजूने आहे. हरवलेला तो एक फोटो त्यांना हवा आहे, कारण त्यात आई आहे. आजच्या फोनमध्ये आईचे फोटो आहेत, फक्त ते शपथांच्या, वाढदिवसाच्या बॅनरच्या, पत्रांच्या आणि सुविचारांच्या खाली गाडले गेले आहेत. फोन बिघडला, चोरीला गेला, जुना देऊन नवा घेतला, की सगळं एकदम जातं. गुगलने १ जून २०२१ पासून फोटोंचा फुकट अमर्याद साठा बंद केला, १५ जीबीच्या पुढे पैसे मोजावे लागतात. दोन वर्षं न वापरलेली खाती २०२३ च्या डिसेंबरपासून पुसायलाही सुरुवात झाली. ‘ढगात’ ठेवलं म्हणजे कायमचं राहिलं, असं नाही.

जपणं म्हणजे निवडणं, हे मराठी माणसाला नव्याने शिकवायला नको. पेशवे दप्तरात लाखो कागद रुमालांत बांधून पडले होते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक रुमाल सोडला, कागद वाचले, निवडले, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ४५ खंड छापून काढले. मराठ्यांचा इतिहास सामान्य वाचकापर्यंत त्या निवडीतून पोचला. बांधून ठेवलेल्या गाठोड्यांतून पोचला नसता. घरातल्या एखाद्याने वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत म्हणा, बसून शे-दीडशे फोटो निवडावेत, त्यांना नावं द्यावीत, कोण-कुठे-केव्हा ते लिहावं आणि कागदावर छापून घ्यावेत. बाकीचे पुसले तरी कुणाचं काही जाणार नाही.

पसाऱ्यातला एक भाग मात्र आठवणींचाही नाही आणि कामाचाही नाही. तो सरळ धोक्याचा आहे. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक यांचे फोटो किती फोनांतून फिरले ते आठवा. भावाच्या फोनवरून शेजाऱ्याच्या फोनवर, तिथून सेवा केंद्रावर. काम झालं, पैसे आले, फोटो सगळीकडे तसेच राहिले. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्याने होतो आहे. शेजाऱ्याला मात्र कायदा दाखवावा लागत नाही. ‘दादा, माझ्या कागदांचे फोटो तुमच्या मोबाईलमधून काढून टाका’ एवढं म्हणावं लागतं, आणि त्यात अपमान वाटण्यासारखं कुणालाच काही नाही.

फोन शेतकऱ्याच्या किती कामाचा आहे, हे मला माहीत आहे. आडतीवर माल नेण्याआधी आजचा भाव काय निघाला ते घरबसल्या कळतं. ई-पीक पाहणी २०२१ पासून फोनवरूनच करायची असते, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढून. म्हणून तर म्हणतो, त्या क्षणी ‘जागा शिल्लक नाही’ असं फोनने सांगितलं तर नुकसान खरं होतं, सातबाऱ्यावर उमटणारं. त्या शेतकऱ्याच्या फोनमधली जागा कुणी खाल्ली? त्याने स्वतः काढलेल्या फोटोंनी नव्हे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरांनी, त्याला न विचारता ज्यांत टाकलं त्या ग्रुपांनी.

न विचारता ग्रुपमध्ये घेणं थांबवता येतं, ती सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २०१९ पासून आहे. फोटो आपोआप उतरणं बंद करता येतं. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननेच लिहावं असंही करता येतं. या तिन्ही गोष्टी ज्याने त्याने आजच कराव्यात. पण खरी जबाबदारी पाठवणाऱ्यांची आहे आणि माझं मागणं त्यांच्याकडे आहे. २००० साली ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटलांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा गावांनी घराघराबरोबर रस्ते, गटारं आणि चावडी साफ केली, कारण घाण एका घराची नव्हती. तसंच इथेही करावं लागेल.

लातूरच्या क्लासचालकांनो, रात्री आठनंतर विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर काहीही पाठवू नका, आणि रोजचे सराव प्रश्न कागदावर छापून हातात द्या. फी एवढी घेता, तेवढा कागद परवडतो. जिल्हा परिषदेच्या अधिकाऱ्यांनो, एक पत्र एकाच ग्रुपवर, कामाच्या वेळेत पाठवा, आणि फोटोचा पुरावा खरोखर लागेल तिथेच मागा. आणि आपल्यापैकी जे कुठल्या ना कुठल्या ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत, त्यांनी गेल्या महिन्यातले संदेश एकदा वरपासून खालपर्यंत वाचावेत. ज्या ग्रुपवर एकही कामाची गोष्ट आली नसेल, तो सर्वांना सांगून या आठवड्यात बंद करावा.